दोन टक्क्यांपलीकडची जबाबदारी

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ ने मोठ्या कंपन्यांवर सामाजिक खर्चाचं बंधन घातलं: मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के. २०१४ पासून या पैशातून शाळा, दवाखाने, जलसंधारणाची कामं उभी राहिली. त्यांचं मोल मोठं आहे. तरीही कंपनीची सचोटी जोखायची, तर या दोन टक्क्यांआधी तिचा कर पाहायला हवा.

बहुराष्ट्रीय समूहात नफा हलवणं अवघड नसतं. बोधचिन्हाची मालकी कमी कराच्या देशातल्या भगिनी कंपनीकडे ठेवायची आणि इथल्या कंपनीने तिला दरवर्षी भरमसाट स्वामित्वशुल्क द्यायचं. किंवा तिच्याकडूनच चढ्या व्याजाने कर्ज घ्यायचं. कागदोपत्री सारं नियमात बसवता येतं. इथला नफा मात्र आटतो. त्याबरोबर कर घटतो आणि ते दोन टक्केही घटतात.

सामाजिक खर्च कुठे करायचा, हे संचालक मंडळ ठरवतं. कायदाही कंपनीच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो. म्हणून या पैशाचा मोठा वाटा महाराष्ट्रासारख्या उद्योगसंपन्न राज्यांतच राहतो. कंपनी कराचं तसं नाही. तो केंद्राच्या विभाज्य निधीत जातो आणि वित्त आयोगाच्या सूत्राने त्यातले ४१ टक्के राज्यांना मिळतात. जिथे एकही कारखाना नाही, अशा बिहारमधल्या तालुक्यापर्यंत तो पोहोचू शकतो. त्याचा विनियोग लोकांनी निवडलेलं सभागृह ठरवतं.

जीआरआय या जागतिक अहवाल संस्थेने २०१९ मध्ये करासाठी '२०७' हे मानक काढलं. करधोरण मांडा, देशागणिक नफा आणि भरलेला कर जाहीर करा, असं ते सांगतं. ते ऐच्छिक आहे. सेबीने पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. त्याच्या गाभ्यातल्या नऊ निकषांत कार्बन, पाणी, कचरा आहेत, कर नाही. ही उणीव भरून काढायला हवी.

सरकारचंही कर्तव्य आहे. २०१२ मध्ये आणलेली पूर्वलक्षी करआकारणी २०२१ मध्ये मागे घ्यावी लागली. नियम स्थिर असतील, तरच प्रामाणिकपणाची अपेक्षा न्याय्य ठरते.

आपल्यापैकी अनेकांचे पैसे म्युच्युअल फंडांमार्फत या कंपन्यांत आहेत. झाडं किती लावली, हे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा: नफा कुठे कमावला आणि कर कुठे भरला?