खुणा आणि घनफूट

जुने घर जॅकवर उचलल्याची चित्रफीत हल्ली महिन्या-पंधरा दिवसांनी कोणीतरी पाठवतेच. भिंतीच्या बुडाशी ओळीने लावलेले जॅक, प्रत्येकापाशी एक माणूस, मुकादमाच्या इशाऱ्यासरशी सगळ्यांनी दिलेला एकेक आटा, आणि घर केसभर वर. खाली शेरे दोनच प्रकारचे असतात. एक म्हणतो, वारसा जपावा तो असा. दुसरा म्हणतो, जागेवरून हलले ते घर मेले. परतुरात कोणाचा जुना वाडा पडायला आला की पारावरची चर्चाही याच दोन वाक्यांत अडकते, आणि तोवर वाड्याचे लाकूड ट्रकमध्ये चढलेले असते.

जॅकवाल्यांचे थोडक्यात आटोपतो. हरियाणातून येणाऱ्या या कारागिरांच्या हाताबद्दल मला मनापासून आदर आहे. पण घर उचलण्याची वेळ का येते, हे त्या चित्रफितीत दिसत नाही. रस्ता करताना जुना थर खरवडून न काढता त्यावर नवा चढवला जातो. असे चार-पाच वेळा झाले की पाणी ओट्यावरून ओसरीत शिरते. काढायला हवा होता रस्त्याचा थर. उचलावे लागते घर, तेही घरमालकाच्या पैशाने. शिवाय विटा-सिमेंटच्या घराला जे जमते ते आमच्याकडच्या माळवदाला जमणारे नाही. दोन-अडीच हात रुंदीची मातीची भिंत दगडगोट्यांच्या पायावर नुसती बसलेली असते. जॅक टेकवायचा कशाला?

माझे खरे भांडण दुसऱ्या शेऱ्याशी आहे, कारण तो शहाण्या माणसांचा आहे आणि त्याला मान्यता आहे. १९६४च्या व्हेनिस सनदेत हेच तत्त्व आले आहे: वास्तू तिच्या इतिहासापासून आणि परिसरापासून वेगळी काढता येत नाही, म्हणून निरुपायाखेरीज ती हलवू नये. युरोपातल्या दगडी चर्चबद्दल हे बरोबर असेल. ताजमहालाबद्दल तर आहेच. पण त्याच १९६४ साली इजिप्तमध्ये अबू सिंबेलची देवळे कापायला सुरुवात झाली. हजारावर ठोकळे, प्रत्येकावर क्रमांक, आणि चार वर्षांत देवळे सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा उभी. यावर ‘तो निरुपाय होता’ असे उत्तर मिळते. मान्य. मग धरणाच्या पाण्यामुळे उठलेला दुधनाकाठचा शेतकरी कोणत्या उपायात होता?

आधी परिसराचाच विचार करू. गावाच्या वस्तीच्या जागेला आपण पांढरी म्हणतो आणि शेताला काळी. ही पांढरी आली कुठून? घरे पडली, त्यांच्या भिंतींची माती तिथेच पसरली, तीच मळून पुढच्या पिढीने भिंती घातल्या, त्याही पडल्या. शेकडो वर्षांच्या या उलाढालीतून ते पांढरे टेकाड तयार झाले. म्हणजे ज्या जागेला घर चिकटून राहिले पाहिजे असा आग्रह आहे, ती जागाच मोडलेल्या घरांची बनलेली आहे. इथे घर जागेवर उभे राहत नाही, घर हळूहळू जागा होते. जागेचे नातेही काही कायमचे नसते. परतूर तालुका १ मे १९८१ला परभणी जिल्ह्यातून नव्या जालना जिल्ह्यात गेला. एक वीटही हलली नाही, पण कचेरीची वाट बदलली.

आता घर. माळवद म्हणजे मातीचे घर, असा सर्रास समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. छताचा भार लाकडी खांब आणि तुळया पेलतात. खांबाखांबांमधले खण हेच घराचे माप. ‘सहा खणांचा वाडा’ असे आपण म्हणतो, चौरस फूट सांगत नाही. वरच्या मातीचे ओझे आधी लाकडावर येते, भिंत असते ती आडोशाला. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपात हे भयंकर रीतीने दिसले. चिखलात रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि माणसे गाडली गेली, पण अनेक घरांत लाकडी खण भिंतीवाचून तसेच उभे होते. त्यानंतर माळवदाची जी धास्ती बसली तिला मी नावे ठेवणार नाही. पण धास्तीच्या भरात भिंतींबरोबर खणही बदनाम झाले.

म्हणजे एका घरात दोन घरे असतात. मातीचे घर हलत नाही, ते पांढरीचे देणे असते. लाकडाचे घर पूर्वीपासून हलतच आले आहे. कोणत्याही जुन्या वाड्यातली तुळई खालून नीट पाहा. एखादी तरी खाच अशी सापडेल की तिच्यात काहीच बसलेले नाही. ती आधीच्या घरातली. आजोबांच्या वाटणीत आलेले दोन खण, लिलावात घेतलेली चौकट, पडक्या गढीतून आणलेला खांब, असेच आमचे वाडे उभे राहिले. जागा सोडणारे घर मृत धरायचे तर मराठवाड्यातले निम्मे वाडे उभे राहिले तेव्हाच मृत होते, असे म्हणावे लागेल.

जागेवरच राहू द्या, या तत्त्वाचे आपल्याकडचे उदाहरण इंदापूर तालुक्यात पाहायला मिळते. उजनीचे पाणी चढले तेव्हा पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ आहे तिथेच राहिले. गाव उठले, देवासाठी नवे देऊळ झाले. दुष्काळात पाणी उतरले की जुने शिखर बाहेर येते आणि लोक होड्यांतून बघायला जातात. दृश्य सुंदर असते. पण वास्तूने परिसर सोडला नाही म्हणून तिचे काय भले झाले, हे मला कोणी सांगावे. ज्याला परिसर म्हणतात तो गावकऱ्यांबरोबर केव्हाच वर चढून गेला होता.

घर हलवले की ते संग्रहालय होते, असाही एक आक्षेप आहे. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष दिनकर केळकरांनी आणून पुण्यातल्या आपल्या संग्रहालयात उभे केले नसते, तर आज ते कोणाच्या बंगल्याची शोभा असते किंवा सरपण. त्यावर मला अधिक बोलायचे नाही.

हलले की नाही हा प्रश्नच चुकीचा आहे, असे मला ठामपणे वाटते. घर उतरवले कसे, हे विचारायला हवे. हे मला दोन ठिकाणी कळले.

परतूरच्या अलीकडे एका खेड्यात वाडा मोडत होते. छतावरची माती खाली ढकलून झाली होती, अंगणभर धुरळा होता. खरेदीदाराचा माणूस टेप लावून खांबाचा घेर आणि तुळईची लांबी सांगत होता, दुसरा मोबाईलवर घनफूट काढत होता. जो नग मोजून झाला त्यावर खडूने फुली. एक कोरीव हस्त वेगळा ठेवला, त्याला निराळा भाव. सांधे निघेनात तेव्हा करवत चालवली. तुळईचे टोक सांध्यापाशीच कापले गेले आणि खांबाच्या डोक्यात त्याचा ठोकळा तसाच अडकून राहिला. वाडा संपला तो त्या क्षणी. ट्रक तर तासाभराने आला.

दुसरे घर निम्न दुधना धरणाच्या पाण्यामुळे उठलेल्या एका वस्तीतले, नव्या गावठाणात. वर पत्रे, भिंती सिमेंटच्या ठोकळ्यांच्या. लांबून पाहिले तर जुने काहीच नाही. आत गेलो आणि चार खण दिसले. खांबांच्या डोक्याशी पटाशीने घेतलेले काप होते. एक, दोन, तीन. समोर तुळईच्या टोकाला तितकेच. उगवतीच्या ओळीतल्या लाकडांना कापांशेजारी एक टिंबही होते. उतरवण्याआधी सुताराने दोन दिवस बसून हे केले होते. घरातल्या आजी एका खांबाला पाठ लावून शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, “तिकडं बी ह्याच खांबाला टेकून बसायचे म्या.” दार आता उत्तरेला होते, सहा खणांचे चार झाले होते, माळवद गेले होते. तरीही ते घर तेच होते, कारण कोणते लाकूड कोणात बसते हे घराला अजून माहीत होते.

पाडलेले घर आणि उतरवलेले घर यांत हा फरक आहे. सुतार ‘उतरवले’ हा शब्द उगीच वापरत नाहीत. जे खुणा घालून उतरले ते पुन्हा उभे राहू शकते, मग ते इजिप्तमध्ये असो की मंठ्याच्या वाटेवर. जे घनफुटात मोजले गेले ते करवत लागायच्या आधीच घर राहिलेले नसते, भले ते लाकूड पुढे एखाद्या उपाहारगृहात ‘वाड्याचा अनुभव’ म्हणून चकचकीत पॉलिश करून लावले जावो. घराचे घरपण सांध्यांच्या क्रमात असते, असे म्हटले तर ते फार कोरडे वाटेल. मला मात्र यापेक्षा खरे काही सापडलेले नाही.

सरकारी मूल्यांकनात घराचे क्षेत्रफळ येते, बांधकामाचा प्रकार येतो, वय येते, आणि वयाबरोबर घसारा वजा होतो. शंभर वर्षे टिकलेला सांधा त्यात कुठेच बसत नाही. पुनर्वसनाच्या खर्चात घरामागे एका सुताराची चार दिवसांची मजुरी धरली, सांध्यांचा एक कागदी नकाशा आणि लाकूड वाहण्याचे भाडे दिले, तर धरणाच्या हिशेबात तो आकडा शोधूनही सापडणार नाही. संवर्धनाच्या परिसंवादांत जागेच्या पावित्र्यावर भाषणे करणाऱ्या विद्वानांनी एवढी एक मागणी लावून धरली असती, तर गेल्या तीस वर्षांत पाण्याखाली, रस्त्यांखाली आणि वखारींत गेलेले किती खण आज उभे असते!

परतुरात माझ्या ओळखीचा आठ खणांचा एक वाडा आहे. मागची भिंत दोन पावसाळ्यांपूर्वी बसली, मुले छत्रपती संभाजीनगरला असतात, आणि मालकांकडे व्यापाऱ्याचा माणूस दोनदा टेप घेऊन येऊन गेला आहे. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. वाडा ठेवा असे मी त्यांना सांगितलेले नाही, तो त्यांना झेपणारा नाही. सुताराला मात्र मी विचारून ठेवले आहे. तो म्हणाला, पाऊस लागायच्या आत बोलवा, लाकूड ओले झाले की सांधे फुगतात आणि मग करवतीशिवाय सुटत नाहीत.