येतो म्हटलं, तर यावं

१९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला. टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, फासे टाकायचे. आज मुंबईतही तो खेळला जातो.

अडचण ठरलेली: पाचजण कबूल होतात, तिघंच येतात. कुणी पश्चिम रेल्वेवर बोरिवलीला राहतो, कुणी मध्य रेल्वेवर मुलुंडला, त्यात रविवारचा मेगाब्लॉक. २०१४ मध्ये अंधेरी-घाटकोपर मेट्रो आली, वाट सोपी झाली. दिलेला शब्द मात्र आपणच पाळायचा असतो.

न येणाऱ्यावर चिडण्याआधी त्याला एकट्याला गाठून विचारावं: जमत नाही, की आवडत नाही? जमत नसेल, तर वार बदलावा. त्याच्या पात्राला गोष्टीत चार दिवस प्रवासाला धाडावं. आवडत नसेल, तर प्रेमानं मोकळं करावं. आणि तिघं आले तरी डाव मांडावाच. वेळेवर आलेल्यांना ताटकळत ठेवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

ज्याला जमणार नाही, त्यानं आदल्या रात्रीच कळवावं. नाटकाची तालीम असो, भजनाची बैठक असो, आपली वाट पाहणाऱ्यांचा वेळ आपल्या वेळेइतकाच मोलाचा आहे.