शिपायाचा पुरावा

दरवर्षी १ जानेवारीला कामशेतची आम्ही पोरं टेम्पो करून भीमा कोरेगावला जातो. निळे झेंडे, घसा बसेस्तोवर घोषणा. यंदा निघताना आबांनी अडवलं. आबा महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. म्हणाले, "आपलं वाडवडील लढलं नसतं, तर तू माणूस नसतास व्हय रं?"

मला उत्तर आलं नाही.

मित्रांनो, उत्तर शोधत मी दुसऱ्या एका हवालदाराकडं गेलो. गोपाळबाबा वलंगकर. महाडकडचे. १८८६ साली पलटणीतून निवृत्त होऊन दापोलीत राहिले. जोतिराव फुल्यांचा विचार पचवलेला माणूस. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली. तीत सवर्णांना २६ प्रश्न. विनवणी नव्हे, सरळ उलटतपासणी! संस्थेचं नावही रोखठोक : अनार्य दोष परिहारक मंडळी.

पुढं इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. १८९४ साली गोपाळबाबांनी विनंतीपत्र तयार केलं. त्यात इतिहास मांडला, की आम्ही मूळचे क्षत्रिय. म्हणजे पाटीवर अनार्य आणि अर्जात क्षत्रिय! आमच्यातला एक जण म्हणाला, "म्हातारा वाकला." मला तसं म्हणवत नाही. भरती म्हणजे पगार, पेन्शन, पोरांना अक्षरं. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेतच शिकवायचे. इंग्रजाला लढाऊ जातींचं वेड. त्याला जो पुरावा पटेल तो या शिपायानं पुढं केला.

तरी खटकतं. २६ प्रश्नांत जाब सवर्णांनी द्यायचा होता. विनंतीपत्रात तो आपल्या अंगावर आला. मग ज्यानं तलवार कधी धरलीच नाही, नुसती मेलेली ढोरं ओढली, त्यानं कुठला पुरावा आणायचा? आणि बायांनी?

बरं, पुराव्यानं सवर्ण तरी कुठं हलले? १८९५ साली सरकारनं गोपाळबाबांना महाडच्या लोकल बोर्डावर नेमलं, तर शेजारी बसायला सवर्ण सभासदांची हरकत! १९०० साली ते गेले.

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. २० मार्चला त्याच महाडात चवदार तळ्याचं पाणी प्याले. मागनं हजारो माणसं तळ्यात उतरली. तुझा आजा कुठल्या पलटणीत होता, असं काठावर कुणी कुणाला विचारलं नाही.

हे सगळं आबांना सांगितलं. पुढच्या वर्षी कोरेगावला येता का, विचारलं. बराच वेळ विडी ओढत बसले.

"यीन की. पण माझा बाप तराळ हुता. त्याच्या नावाचाबी एक हार घ्या."