कारण सापडलं, पण दोषी कोण?

आमच्या ऑफिसात एखादी सिस्टीम रात्री बंद पडली की दुसऱ्या दिवशी एक मीटिंग होते. तिचा नियम एकच आहे: 'कुणी केलं' असं विचारायचं नाही. काय झालं, का झालं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, एवढंच बोलायचं. कारण दोष लागणार म्हटलं की माणसं माहिती लपवतात आणि माहिती लपली की खरं कारण सापडत नाही. पुण्यात नोकरीला लागल्यापासून मी हा नियम निमूट पाळतोय. घरी मात्र नऊ वर्षं मी बरोबर उलटा वागत होतो.

२०१६ मध्ये आप्पांना डायबेटिस निघाला, तेव्हा मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमचं घर कबनूरला, इचलकरंजीला चिकटून. आप्पा यंत्रमागावर कामाला. १२ तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. वय ४३, वजन ५४ किलो. पायाला पत्रा लागून झालेली जखम भरत नव्हती, म्हणून रक्त तपासलं, आणि साखर निघाली.

मी मोबाईलवर वाचलं. हा आजार जाड, बसून काम करणाऱ्या, भरपूर खाणाऱ्या माणसांना होतो असं तिथं लिहिलेलं होतं. आप्पा यातलं काहीच नव्हते. मग मी त्यांच्यात बसेल असं काहीतरी शोधलं. पाळीत पाच-सहा कप गोड चहा व्हायचा. मी तोंडावर म्हणालो, "तुम्हीच लावून घेतलंय हे, आप्पा." ते फक्त "व्हय" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चहा सोडला, निदान माझ्यासमोर तरी. पुढे पथ्य मोडलं, साखर वाढली की मी फोनवर हिशोब मागायचो आणि ते खोटं सांगायचे. ऑफिसातला नियम तेव्हा मला आठवला नाही.

यंदा कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये माझं एचबीएवनसी ५.९ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस. मी २८ वर्षांचा, वजन ६१ किलो, बीएमआय २१, चहात साखर नाही. रिपोर्टखाली छापील सल्ला होता: वजन कमी करा. मला कळेना, कुठलं?

त्या रात्री मी पुन्हा वाचायला बसलो. पण या वेळी माझ्यावरच आळ होता, म्हणून नीट वाचलं.

वाचता वाचता पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामापाशी पोचलो. काही काळ ऑक्सफर्डला संशोधन करून ते पुण्याला परतले आणि जवळजवळ सगळी कारकीर्द त्यांनी एका प्रश्नाला दिली: पाठ्यपुस्तकातला डायबेटिसचा पेशंट जाड आणि वयस्क असतो, मग आपल्याकडे तो तरुण आणि बारीक का?

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणारा माणूस आतून जाड असू शकतो, हे त्यांनी स्वतःचंच शरीर पुरावा म्हणून ठेवून दाखवलं. माझ्या छापील सल्ल्याचं उत्तर मला तिथं मिळालं.

पण हे येतं कुठून? त्यासाठी आधी शरीर साखर कशी ओळखते ते बघावं लागतं. स्वादुपिंडात बीटा पेशी असतात. जेवल्यावर रक्तातली साखर त्यांच्या आत शिरते, तिथं जळते आणि ऊर्जा तयार होते. ऊर्जा वाढली की पेशीच्या भिंतीतली पोटॅशियमची दारं मिटतात. त्यामुळे भिंतीवरचा विद्युतदाब बदलतो, कॅल्शियम आत धावतं आणि आधीच भरून ठेवलेल्या पुड्यांमधलं इन्सुलिन बाहेर पडतं. हे काही मिनिटांत सुरू होतं. आप्पा सकाळी घेतात ती ग्लिमेपिराइडची गोळी हीच पोटॅशियमची दारं बाहेरून मिटवते. म्हणजे पेशीनं स्वतःहून जेवढं केलं नाही, तेवढं तिच्याकडून करून घेते.

किती इन्सुलिन पुरेसं, हे मात्र शरीर त्याला किती दाद देतं यावर ठरतं. चरबी जास्त, दाद कमी, तर पेशींना जास्त इन्सुलिन ओतावं लागतं. त्यांची तेवढी ताकद असेल तर साखर ताब्यात राहते. आमच्या भाषेत सांगायचं तर लोड आणि कपॅसिटी. जगभर चर्चा मुख्यतः लोडची होते: खाणं, वजन, बसणं. पण कपॅसिटी? बीटा पेशींची बरीचशी वाढ आईच्या पोटात आणि पहिल्या काही वर्षांत होते. तिथं कमी पडलं तर पुढं साध्या लोडलाही सर्व्हर बसतो.

इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर आणि निक हेल्स यांनी १९९०च्या सुमारास, जन्मतः वजन कमी असलेल्यांना पुढे डायबेटिस जास्त होतो, हे मांडलं होतं. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्याहून अवघड काम सुरू केलं. बाया गरोदर राहण्याआधीपासून त्यांची मोजमापं घेतली, मग पोरं जन्मली, आणि तेव्हापासून त्या पोरांचा पाठपुरावा चालू आहे. आमच्याकडे स्प्रिंट दोन आठवड्यांचा असतो. तिथं एका प्रश्नाच्या उत्तरासाठी बाळ अठरा वर्षांचं होण्याची वाट बघावी लागली.

ती बाळं सरासरी २.७ किलोची होती; इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू, पोट, डोकं सगळं लहान होतं, पण कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. जन्मतःच बारीक-जाड! ती अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यातली जवळजवळ निम्मी कमी वजनाची होती. तरीही मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर बिघडलेली निघाली, बहुतेकांची प्रीडायबेटिसच्या पातळीवर. २०२१ साली हे निष्कर्ष छापून आले. या पोरांची उपाशीपोटीची साखर लहानपणापासूनच थोडी वर होती आणि त्यांच्या बीटा पेशी गरजेइतकं इन्सुलिन सोडत नव्हत्या. म्हणजे चहाचा पहिला कप पिण्याच्या कितीतरी आधी गोष्ट सुरू झालेली होती.

मी खूश झालो. मूळ कारण सापडलं की इंजिनीअर माणसाला होतो तसा आनंद. गणपतीला गावी गेलो तेव्हा जेवताना आप्पांना सगळं समजावून सांगितलं. आप्पांचा जन्म १९७३ चा. आजी-आजोबा मूळचे जत तालुक्यातले; कबनूरला माग सुरू झाले, काम मिळतंय म्हणून नंतर इकडं आले. १९७२ च्या दुष्काळात आजी गरोदर होती. मी म्हणालो, "तुमची काही चूक नव्हती आप्पा. मी उगाच बोलत होतो. हे तुम्ही पोटात असतानाच ठरलं असणार."

आप्पा काही बोलले नाहीत. आजी भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "म्हंजी माझ्यामुळंच झालं म्हणायचं."

मी "तसं नाही गं" म्हणालो, पण पुढं काय म्हणायचं ते मला सुचलं नाही. नऊ वर्षं जे ओझं आप्पांच्या डोक्यावर ठेवलं होतं, ते मी काढलं आणि आजीच्या डोक्यावर ठेवलं. ओझं तेवढंच राहिलं.

हा निबंध त्या न सुचलेल्या उत्तरासाठी आहे.

पहिली गोष्ट, मी चूक बोललो होतो. सहा खेड्यांतल्या शेकडो पोरांवरून काढलेला निष्कर्ष एका माणसाचा निकाल नसतो. दुष्काळात जन्मलेल्या सगळ्यांना डायबेटिस झालेला नाही आणि डायबेटिस झालेले सगळे दुष्काळात जन्मलेले नाहीत. 'ठरलं असणार' हा शब्द विज्ञानानं दिलेला नव्हता. तो माझा होता, कारण मला कुणावर तरी बोट ठेवून प्रकरण बंद करायचं होतं.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. समजा, आप्पांच्या बाबतीत ते खरंच असलं तरी आजीचा दोष काय?

दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन सैन्यानं नेदरलँड्सच्या पश्चिम भागाचा अन्नपुरवठा तोडला. तेव्हा आईच्या पोटात असलेली मुलं पन्नाशीला आली तेव्हा त्यांची तपासणी झाली. साखर पचवण्याची क्षमता कमी निघाली, आणि पुढच्या अभ्यासात इन्सुलिन सोडण्याची क्षमताही कमी असल्याचं दिसलं. हे वाचताना त्या डच आयांना दोष द्यावा असं कुणाच्याही मनात येत नाही. तिथं उपासमार कुणी केली ते ठाऊक आहे. आमच्या दुष्काळाला गणवेशातला शत्रू नव्हता. मग दोष जागा शोधत घरात शिरतो, आणि घरात तो नेहमी चुलीपाशी बसलेल्या बाईपर्यंत पोचतो.

त्या दिवशी रात्री आजीनं पहिल्यांदा ७२ सालचं सविस्तर सांगितलं. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. सुकडी मिळायची, लाल मिलोच्या भाकरी असायच्या. पाणी लांबून आणायचं. सातवा महिना लागला तरी हातोडी सुटली नाही, कारण हजेरी चुकली की मजुरी चुकली. पुण्याजवळच्या त्याच अभ्यासात दिसलंय की गरोदरपणी जास्त कष्ट करणाऱ्या बायांची बाळं लहान होती, आणि पालेभाज्या, दूध, फळं जास्त वेळा खाणाऱ्यांची त्या मानानं मोठी. साठ टक्क्यांहून जास्त आयांमध्ये बी-१२ कमी होतं. 'आईचा आहार' असं आपण लिहितो तेव्हा वाटतं की आईनं मेनूकार्ड बघून निवड केली. आजीपुढे निवड नव्हतीच. दोष द्यायला आधी निवड असावी लागते.

मग असंही म्हणता येईल: कुणाचाच दोष नाही, प्राक्तन! आमच्या गल्लीत हे उत्तर तयार असतं आणि त्यानं जिवाला थोडा गारवाही मिळतो. पण कारण आईच्या पोटापर्यंत मागे नेऊन तिथंच सोडून दिलं, तर विज्ञान आणि प्राक्तन यांत फरक उरत नाही. आप्पांनी औषध तरी कशाला घ्यायचं?

याज्ञिकांच्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग इथं आहे. त्यांचा प्रश्न मागेमागे गेला: मोठ्या माणसाकडून मुलाकडे, मुलाकडून बाळाकडे, बाळाकडून आईकडे, आईकडून तिच्या लग्नाआधीच्या दिवसांकडे. पण तो तिथं निकाल द्यायला थांबला नाही, उलटा फिरला. २०१२ मध्ये त्याच खेड्यांतल्या, त्याच अभ्यासात जन्मलेल्या मुला-मुलींना, ते स्वतः आईबाप होण्याच्या कितीतरी आधी, बी-१२ देऊन बघण्याचा प्रयोग सुरू झाला. काल ज्यांना कमी मिळालं त्यांच्या उद्याच्या बाळांना पुरेसं मिळावं म्हणून.

यावरून मला दोष आणि जबाबदारी यांतला फरक कळला. दोष मागे बघतो आणि एक माणूस शोधतो. जबाबदारी पुढे बघते आणि ज्याच्या हातात काही आहे अशा प्रत्येकाला विचारते की तू काय करणार. आप्पांची कपॅसिटी कुणी ठरवली हा प्रश्न आता निरर्थक आहे, पण लोड कमी करणं थोडंफार त्यांच्या हातात आहे. ते शिक्षा म्हणून करायचं नाही, एवढंच. आणि १२ तास उभं राहून घरी आलेल्या माणसाला 'रोज चालत जा' सांगणाऱ्यानं, त्या १२ तासांबद्दलही काही बोलायला हवं. गरोदर बाईला दूध आणि आराम मिळणं हे तर तिच्या एकटीच्या हातात कधीच नव्हतं. ते नवऱ्याच्या, सासूच्या, मालकाच्या, अंगणवाडीच्या, सरकारच्या हातात होतं. आजही आहे.

मी गणपतीनंतर पुण्याला परतण्याआधी आजीपाशी बसलो. म्हणालो, "आजी, तुला खायला मिळालं नाही, आणि तरी तू आप्पांना जगवलंस. त्या साली हे सोपं नव्हतं." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आता हे माझं राहू दे. सुमीचं बघा."

सुमी म्हणजे माझी बहीण. तिला पाचवा महिना आहे, तीही कबनूरलाच असते. तिचं बी-१२ तपासून घेतलं, कमी निघालं, डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. दुधाचा रतीब आप्पांनी लावला आणि सकाळी ते स्वतःच नेऊन देतात. तेवढंच त्यांचं चालणं होतं. परवा फोनवर मी साखर किती विचारली, तर म्हणाले, "दोनशे दहा. काल कार्यात जिलबी खाल्ली." नऊ वर्षांत त्यांनी पहिल्यांदा खरं सांगितलं.