मातीला जायचंय

आमच्या मराठवाड्यात कुणी गेलं की लोक म्हणतात, ‘मातीला जायचंय.’ आणि जातात सरणाजवळ. देह जाळायचा नि त्याला माती म्हणायचं, यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. शेजारचं लिंगायत घर मात्र खरोखरच माती देतं, देह बसवून, हातात इष्टलिंग ठेवून. दहन करणाऱ्या घरांतसुद्धा दात न आलेलं तान्हं मूल पुरतातच. त्यामुळे ‘जाळणं स्वस्त की पुरणं’ हा प्रश्न आपल्याकडे धर्माधर्मांतला नाही, एकाच गल्लीतला आहे.

चुलते वारले तेव्हा लाकडांचं काम माझ्याकडे आलं. श्रावण होता. वखारवाल्याने काट्यावर ओंडके टाकले, एक उचलून त्याची साल नखाने खरवडली आणि म्हणाला, ‘ओल आहे, पन्नास किलो जास्तीचं न्या.’ उघड्या सरणाला तीनशे ते चारशे किलो लाकूड सहज लागतं. पावसात त्याहून अधिक, वर गोवऱ्या आणि रॉकेल. घासाघीस करायची ती वेळ नव्हती, हे त्यालाही माहीत होतं. मागितले तेवढे पैसे मी मुकाट्याने दिले आणि बरेच दिवस मनात कुढत राहिलो.

पुढे चुलतभावाने वहीत खर्च मांडला तेव्हा माझा राग निवळला. लाकडाची ओळ त्या पानावर अगदी किरकोळ दिसत होती. खाली दहावा, भटजींची दक्षिणा, भांडी, आहेर, मंडप आणि तेराव्याचं गावजेवण. देह दोन-तीन तासांत जळाला. त्यापायी काढलेलं कर्ज दोन सुगी पुरलं. हा खर्च आगीचा नव्हता, लोक काय म्हणतील याचा होता.

पुरण्याचं गणित वरवर सोपं आहे. कुदळ-फावडं आणि खड्डा खणणारे चार हात. स्वतःच्या शेताच्या कडेला दफन करणाऱ्याला ते जवळजवळ फुकटच पडतं, कारण जमिनीची किंमत कुणी धरतच नाही. शहरात ती धरावी लागते. मुंबईतल्या ख्रिस्ती दफनभूमींत काही वर्षांनी कबर उघडतात, अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात जातात आणि ती जागा दुसऱ्याला मिळते. कॅथलिक चर्चने 1963 साली दहनाला मुभा दिली, पण 2016 मध्ये बजावलं की राख उधळू नये, घरीही ठेवू नये, पवित्र जागीच ठेवावी. म्हणजे आगीतून गेलं तरी पुन्हा जागा आलीच.

आणि जागा हीच खरी महाग वस्तू आहे. कितीतरी दलित वस्त्यांना आजही स्वतःची स्मशानभूमी नाही. असली तरी वाट दुसऱ्याच्या रानातून जाते, ओढ्याला पाणी आलं की खांदेकरी अलीकडेच थांबतात. वाट अडवली म्हणून प्रेत ग्रामपंचायतीसमोर ठेवल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. त्या माणसांना लाकडाचा भाव विचारणं म्हणजे क्रूर थट्टा आहे. जाळा किंवा पुरा, तीन हात जमीन आधी हक्काची लागते.

आपल्याकडे ही जागेची ओढ जाळल्यावरही सुटत नाही. शिवाजी महाराजांना रायगडावर अग्नी दिला, तरी समाधी बांधलीच. बाबासाहेबांचं दहन 7 डिसेंबर 1956 रोजी दादरला झालं. तिथे आज चैत्यभूमी आहे. साध्या माणसाच्या वाट्याला तेवढं येत नाही. अलीकडे काही गावांत राख नदीत न सोडता शेतात खड्डा करून टाकतात आणि वर आंबा लावतात. मला ते पटतं. खर्च एका रोपाचा, आणि ‘माती’ हा शब्दही खरा ठरतो.

तेराव्याचं मात्र माझं कुणीच ऐकत नाही. त्यांच्यासाठी एक हिशेब सांगून ठेवतो. अंत्यसंस्काराच्या सेवेवर जीएसटी नाही, कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतच ती वगळली आहे. तेराव्याच्या केटररच्या बिलावर तो लागतो.