हळदीचा रंग

यंदा उन्हाळ्याच्या सुटीत माझा भाचा पुण्याहून वसमतला आला, तो गळ्यात एक जुना फिल्मचा कॅमेरा अडकवून. मोबाइलवर दिवसाला शंभर फोटो काढणाऱ्या मुलाला 36 फोटोंच्या रोलची ओढ का लागावी, हे मला उमगत नाही. पण तरुणांच्या हौसेला कारणे विचारू नयेत. त्याने मला साधा प्रश्न विचारला, "मामा, रोजच्या फोटोंसाठी कलर रोल कोणता घ्यावा?" त्याच्याजवळ नावांची यादी होती. कोणाचे रंग उबदार, कोणाचे थंड, कोणात हिरवा उठून दिसतो, हे सगळे त्याला पाठ होते. "खरे रंग कोणाचे, तेवढे सांगा," तो म्हणाला.

प्रश्न साधा खरा. परंतु त्याचे उत्तर माझ्या घरात वीस वर्षांहून अधिक काळ टांगलेले आहे, आणि ते उत्तर खोटे आहे.

1993 सालची गोष्ट. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा व्हायला अजून सहा वर्षे अवकाश होता. मी नुकताच शिक्षक झालो होतो आणि साठवलेल्या पगारातून कॅमेरा घेतला होता. हळद काढून, शिजवून, वाळवून झाली होती. घासून पिवळीजर्द निघालेल्या हळकुंडांची रास अंगणभर पसरली होती आणि आई त्या राशीत बसून हळकुंडे निवडत होती. आई रंगाने काळी होती. सावळी म्हणत नाही. तो शब्द आपण पुष्कळदा काळ्या माणसावर दया दाखवण्यासाठी वापरतो. मी हाक मारली, तिने वर पाहिले आणि ती हसली. मी खटका दाबला.

रोल नांदेडला धुवायला दिला. आठ दिवसांनी प्रत हाती आली, तेव्हा माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. हळदीची रास मातकट झाली होती आणि आईचा चेहरा राखेसारखा निळसर आला होता. माझी पहिली शंका रोलवर गेली. पुढे पुष्कळ वर्षांनी समजले की रोल बिचारा निर्दोष होता. प्रती छापणारे यंत्र असे धरून चालते की कोणत्याही दृश्यातले सगळे रंग एकत्र कालवले, तर साधारण करडा रंग व्हावा. थोडे आकाश, थोडी झाडी, थोडी माती असली की हे गृहीत खपून जाते. पण सगळी चौकट एकाच रंगाने भरली, की यंत्राला वाटते काहीतरी बिघडले आहे. मग ते विरुद्ध रंग ओतून तोल सावरते. पिवळ्याच्या विरुद्ध निळा. ज्या वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती हळद यंत्राच्या लेखी चूक होती; आणि ती चूक दुरुस्त करण्याचा भुर्दंड आईच्या चेहऱ्याने भरला.

आपले रंग दुसऱ्याच्या हाती धुवायला दिले की असे होते. प्रभातने 1933 साली 'सैरंध्री' रंगीत काढला, त्याच्या प्रती जर्मनीत करून घेतल्या. पडद्यावर रंग मनाजोगते उतरले नाहीत. कोडॅक कंपनी तर रंग जुळवण्यासाठी छपाईवाल्यांना एक नमुन्याचा फोटो देत असे. त्यात एक गोरी तरुणी असे. शर्ली नावाच्या अशाच एका मुलीवरून त्याला 'शर्ली कार्ड' हे नाव पडले. शर्लीची कातडी बरोबर आली की जग बरोबर आले, असा हिशेब. तपकिरी छटा नीट येत नाहीत, म्हणून फिल्ममध्ये सुधारणा झाली, तीही चॉकलेट आणि लाकडी सामान बनवणाऱ्यांनी तक्रार केली तेव्हा. लाकडाला दाद मिळाली आणि त्याच्या आडून माणसालाही मिळाली.

इथवर सांगून मी थांबलो असतो, तर वाचकांची सहानुभूती मला मिळाली असती. पण गोष्ट पुढे आहे.

तो फोटो घेऊन मी पुन्हा नांदेडला गेलो. छापणाऱ्या माणसाने तक्रार ऐकून घेतली आणि सरळ विचारले, "सर, रंग कसा पाहिजे?" त्या एका क्षणी यंत्र बाजूला झाले होते. शर्ली तिथे नव्हती, कोडॅकही नव्हते. आईचा रंग कसा आहे, हे सांगण्याचा अधिकार जगात फक्त मला होता. मी म्हणालो, "जरा उजळ करा."

त्याने केला. नव्या प्रतीत हळद फिकट झाली आणि आई गोरी झाली. घरी आणून मी तो फोटो तिच्या हातात दिला. तिने उजेडात धरून पाहिला आणि विचारले, "ही कोण रे?"

मी हसण्यावारी नेले. तीही हसली, आणि फोटो पेटीत ठेवून कामाला लागली. 2004 साली ती गेली, तेव्हा तोच फोटो काचेत बसवून भिंतीवर लावला. नातवंडे म्हणतात, आजी किती गोरी होती! मी ऐकतो आणि गप्प बसतो.

म्हणून मी भाच्याला सांगितले, खऱ्या रंगाची फिल्म कुठेच मिळत नाही. दिवसाच्या उजेडासाठी केलेला रोल दिव्याखाली पिवळा पडतो, ट्यूबलाइटखाली हिरवट होतो. सूर्याशी प्रामाणिक राहिलेला रोल दिव्याला अन्याय करतो. तरी सगळेच खोटे म्हणून कोणतेही चालेल, असे म्हणून आपली सुटका नाही. यंत्राचे खोटे आंधळे असते; समोर कोण बसले आहे, हे त्याला ठाऊक नसते. मला ठाऊक होते. कुठेतरी चूक होणारच असेल, तर ती कोणाच्या पदरात पडावी, एवढेच निवडणे आपल्या हाती उरते. आणि ती निवड मी माझ्या लाजेवर सोपवली.

"निगेटिव्ह आहे का?" भाच्याने विचारले. पाकिटात होती. त्याने ती स्कॅन करून पडद्यावर घेतली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "आता सांगा, आजीचा रंग कसा होता?" मला सांगता येईना. इतकी वर्षे भिंतीवरची बाई पाहून पाहून माझ्या आठवणीतली आईही उजळली होती. शेवटी मी आत जाऊन यंदाच्या हळदीची दोन हळकुंडे आणली आणि त्याच्यापुढे ठेवली. "ही जुळव," म्हटले. "चेहरा जसा येईल तसा येऊ दे."

निगेटिव्हचेही रंग इतक्या वर्षांत उतरले असणार; तेव्हा आता आला तोच खरा रंग, असे मी शपथेवर सांगणार नाही. पण रास पिवळी होत गेली तशी तिच्या मधोमध एक काळी बाई हसताना दिसू लागली, आणि तिला मी ओळखले.

भाच्याला मी 400 चा रोल घे म्हणालो. घरात, संध्याकाळीही काढता येतात. नाव कोणतेही असो, वर्षभर एकच वापर, म्हणजे तो कुठे चुकतो ते तुला कळेल. आणि छापणाऱ्याने विचारले, रंग कसा पाहिजे, तर लगेच उत्तर देऊ नकोस. घरी ये, ज्याचा फोटो काढलास त्याच्याकडे एकदा नीट बघ, आणि मग जाऊन सांग.