कष्ट आणि कसोटी

गेल्या काही वर्षांत गोल्फच्या मैदानावर एक उपदेश वारंवार ऐकू येतो: "अहंकार सोडा, पुढच्या टीवरून खेळा, मजा येईल." उपदेश करणारे भले लोक असतात आणि बहुतेकांच्या बाबतीत त्यांचा सल्ला बरोबरही असतो. माझी तक्रार सल्ल्याबद्दल नाही, त्यामागच्या कारणाबद्दल आहे. बरोबर सल्ल्याला चुकीचे कारण जोडले की ऐकणारा ते कारण खोडून काढतो आणि सल्लाही झटकून टाकतो. पुण्याजवळच्या ज्या मैदानावर मी शनिवारी सकाळी खेळतो, तिथे हे जवळजवळ दर आठवड्याला घडते. चौघांपैकी एक जण पुढच्या टीचे नाव काढतो. दुसरा म्हणतो, "मजाच करायची तर घरी कॅरम आहे की." मग चौघेही निमूटपणे मागच्या, निळ्या टीकडे चालू लागतात. बॅग वाहणारा कॅडी न विचारता हातात ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब, ठेवतो.

या खेळाशी ओळख नसलेल्यांसाठी एवढे सांगायला हवे की गोल्फमध्ये प्रत्येक होलची सुरुवात जिथून होते त्या जागेला टी म्हणतात, आणि आजच्या मैदानांवर अशा तीन-चार जागा एकामागे एक असतात. साधारणपणे काळ्या किंवा निळ्या खुणा मागे, मग पांढऱ्या, मग लाल. अठरा होलांची बेरीज केली तर सर्वांत मागच्या आणि सर्वांत पुढच्या टीत दीड-दोन हजार यार्डांचा फरक सहज पडतो. स्पर्धा सोडली तर कोणी कुठून खेळावे हे ज्याचे त्याने ठरवायचे. क्रिकेटच्या फलंदाजाला सीमारेषा जवळ ओढता येत नाही. गोल्फ खेळणारा मात्र आपले मैदान किती मोठे असावे हे रोज स्वतः ठरवतो. १७४४ साली एडिंबराजवळच्या लीथमध्ये लिहिलेल्या तेरा नियमांतला पहिलाच नियम असा होता की चेंडू होलपासून एका क्लबच्या लांबीच्या आत मांडावा. एक होल संपले की तिथूनच सगळ्यांनी पुढचे सुरू करायचे. निवड नव्हती, म्हणून निवडीची लाजही नव्हती. पुढे टीच्या जागा वेगळ्या झाल्या, त्यांना रंग आले आणि रंगांना प्रतिष्ठा चिकटली. ही गोष्ट जुनी आहे, ती इथे लांबवत नाही.

आजच्या उपदेशाचे मूळ २०११ सालच्या 'टी इट फॉरवर्ड' या मोहिमेत आहे. अमेरिकेतल्या पीजीए आणि यूएसजीए या संस्थांनी ती काढली. कल्पना गोल्फचे क्लब बनवणाऱ्या बार्नी ॲडम्स यांची. गणिताचा गाभा सोपा आहे. व्यावसायिक खेळाडू टीवरून सुमारे ३०० यार्ड मारतो आणि ७,२०० यार्डांच्या मैदानावर खेळतो. तुम्ही २०० यार्ड मारता, तर त्याच प्रमाणात तुम्ही ४,८०० यार्डांवर खेळायला हवे. मोहिमेचा तक्ता याहून थोडा उदार आहे: २०० यार्डवाल्याला तो ५,२०० ते ५,४०० यार्ड सुचवतो, २५०वाल्याला ६,२०० ते ६,४००. आपल्याकडे यासाठी तक्ता लागत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आजीने आधीच सांगून ठेवले आहे.

पुढून खेळल्याने वेळ वाचतो म्हणणाऱ्यांना उत्तर देण्याचे कारण नाही; वेळ वाचवायचा असता तर ते गोल्फ खेळलेच नसते. खरे मैदान मागूनच दिसते म्हणणाऱ्यांनाही नाही. मागून फक्त अंतर दिसते. पण तक्ता आणि त्याच्या पाठीवर बसून आलेली 'मजा' यांना उत्तर दिलेच पाहिजे, कारण त्यांनी एका चांगल्या गोष्टीचा अर्थ बिघडवला आहे.

आधी तक्ता पाहू. तो माणसाचे एकच माप घेतो, ड्रायव्हरच्या फटक्याची लांबी. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची अदिती अशोक चौथी आली आणि पदक एका फटक्याने हुकले. त्या मैदानातल्या सर्वांत कमी लांबीचे फटके मारणाऱ्या खेळाडूंपैकी ती एक होती. तक्ता प्रमाण मानला तर तिला इतरांच्या पुढे उभे करायला हवे होते. ती त्याच टीवरून खेळली. इतर जणी जिथून आखूड आयर्न मारत होत्या, तिथून ती लांब पल्ल्याचे क्लब घेऊन ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर, चेंडू ठेवत होती आणि मग पटरने हिशोब चुकता करत होती. यावर कोणी म्हणेल की व्यावसायिकाचे उदाहरण हौशी माणसाला लावू नये. मान्य. पण यातून एवढे तरी दिसते की अंतर हे माप अपुरे आहे. दूर असूनही ग्रीन अदितीच्या आवाक्यात होते, आणि आवाक्यात होते म्हणून कुठे मारायचे हा विचार तिला दरवेळी करावा लागत होता.

आता मजा. मोहिमेचे भक्त सांगतात की पुढून खेळलात तर पार (ठरलेले फटके) जास्त होतील, बर्डी (त्याहून एक कमी) मिळतील, घरी हसत जाल. माझा आक्षेप नेमका इथे आहे. पुढची टी म्हणजे सोपे मैदान हे त्यांनी गृहीत धरले आहे, आणि मागे उभा असलेला माझा मित्रही तेच गृहीत धरतो. दोघांचे भांडण आहे, पण पाया एकच. तो म्हणतो, मला सोपे नको. हे म्हणतात, सोपे घ्या. पुढून खेळणे खरोखर सोपे आहे का, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही.

४२० यार्डांचे पार चारचे एक होल घेऊ. मैदानाचे मूल्यमापन करणारी पद्धत 'बोगी गोल्फर' म्हणून ज्या पुरुष खेळाडूची कल्पना करते, तो टीवरून २०० यार्ड मारतो आणि दोन फटक्यांत ३७० यार्डांपर्यंत पोचतो. आमच्यातले बहुतेक जण याच मापात बसतात. म्हणजे दुसऱ्या फटक्यानंतरही ५० यार्ड उरणार. फेअरवेच्या उजवीकडे २३० यार्डांवर बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, आहे. आम्ही तिथे पोचतच नाही, तो शोभेचा. ग्रीनच्या डावीकडे दुसरा बंकर आहे. आमच्या दुसऱ्या फटक्याला त्याचीही भीती नाही. वारा कुठला आहे, झेंडा पुढे आहे की मागे, याने काहीच बदलत नाही. जोरात मारा, पुन्हा जोरात मारा, मग उरलेले पाहू. घाम येतो, दम लागतो, कार्डावर सहा किंवा सात लिहिले जातात आणि होल अवघड होते असे समाधान मिळते. त्या होलने आम्हाला एकही प्रश्न विचारलेला नसतो. आता तेच होल ३५० यार्डांवरून खेळा. तो बंकर टीपासून १६० यार्डांवर आला. त्याच्यावरून न्यायचा की डावीकडून? डावीकडून नेला तर ग्रीनकडे जायची वाट कशी राहील? दुसरा फटका ग्रीनवर पोचू शकतो, म्हणून आता डावा बंकर जिवंत झाला, वाराही जिवंत झाला. चूक करायला जागा मिळाली, आणि चूक आपली स्वतःची असेल.

मागे मिळतात ते कष्ट. पुढे मिळते ती कसोटी. सगळा वाद माझ्या मते या एका फरकावर उभा आहे. कष्टात ताकद खर्च होते, कसोटीत निवड करावी लागते. आपल्याकडे कष्टांना इतका मान आहे की ज्यात घाम गाळावा लागला नाही ते आपण कठीण मानतच नाही. म्हणून आपण दमण्यालाच परीक्षा समजतो.

टी कुठल्याही दिशेला सरकवली तरी हेतू एकच असू शकतो, याचे उदाहरण अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल मैदानाच्या तेराव्या होलवर आहे. डावीकडे वळणारे हे पार पाचचे होल. ग्रीनच्या तोंडाशी ओढा. दुसऱ्याच फटक्यात ओढा ओलांडायचा की अलीकडे थांबायचे, हा या होलचा प्राण. व्यावसायिक इतके लांब मारू लागले की हा निर्णय नावापुरता उरला होता. २०२३च्या मास्टर्स स्पर्धेसाठी टी मागे नेली आणि होल ५१० यार्डांवरून ५४५ यार्डांचे झाले. त्यांच्यासाठी प्रश्न मागे जाऊन जिवंत होतो, आमच्यासाठी पुढे येऊन. तक्ता ही गोष्ट कधीच सांगू शकणार नाही, कारण त्याला यार्ड दिसतात, ओढा दिसत नाही.

पुढची टी म्हणजे सवलत, हाच समज लाल टीलाही चिकटला. वर्षानुवर्षे ती 'बायकांची' म्हणून हिणवली गेली. अमेरिकन गोल्फपटू सुझी व्हेली २००२ साली आखूड टीवरून खेळून पीजीएची कनेक्टिकट विभागाची स्पर्धा जिंकली आणि पुढच्या वर्षी ग्रेटर हार्टफर्ड ओपनमध्ये पुरुषांच्या टीवरून उतरली, तेव्हा त्या विजयामुळे मिळालेली तिथली जागा ही सवलत की हक्क, यावर बराच वाद झाला. सवलत द्यायला हँडिकॅप, म्हणजे फटक्यांची सूट, आहे. तो उत्तरपत्रिकेत गुण वाढवतो. टी प्रश्नपत्रिका बदलते. या दोहोंची गल्लत केली की प्रत्येक पुढची टी दान वाटू लागते.

कष्टांना जागाच नाही असे मी म्हणत नाही. विशीतल्या मुलाने फटक्याची लांबी वाढवण्यासाठी मागून खेळावे. वर्षातून एखादे वेळी आपणही काळ्या टीवर जाऊन आपली पायरी पाहून यावी. तिघे मागे थांबलेले असताना एकट्याने साठ पावले पुढे चालत जाणे अवघड असते, हेही मला ठाऊक आहे. गोल्फ खेळण्याइतकाच गप्पांचाही खेळ आहे. पण दर शनिवारी कष्ट करून त्याला कसोटी म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे, आणि ती थांबवण्यासाठी मजेचे आमिष दाखवणे ही दुसरी.

गेल्या महिन्यात तिघांचा निरोप घेऊन मी पांढऱ्या टीवर गेलो. कार्डावरचे आकडे फारसे सुधारले नाहीत. दोन होलांवर तर बिघडले. पण चौथ्या होलवर, गेली कित्येक वर्षे मुकाट्याने ड्रायव्हर देणाऱ्या कॅडीने बॅगेवर हात ठेवून समोरच्या बंकरकडे पाहिले, थोडे थांबून माझ्याकडे पाहिले आणि पहिल्यांदाच विचारले, "साहेब, कुठला देऊ?"